कॉपिस केलेला खुंट फुटत नाही, आडवी घातलेली वई खालून उघडी पडते: कारण कसं शोधावं

हिवाळ्यात हेझल (इंग्लंडमधलं कवचफळाचं मोठं झुडूप) बुंध्याशी तोडला, मे सरला, जून लागला, तरी खुंटावर पानाचा पत्ता नाही. किंवा फेब्रुवारीत नीट आडवी घातलेली हॉथॉर्नची वई, म्हणजे काटेरी झुडपांचं जिवंत कुंपण, वरून हिरवीगार आहे, पण खालचा दोन फुटांचा भाग इतका उघडा की मेंढी सहज आरपार जावी. इंग्लंडमधल्या छोट्या जंगलांत आणि शेतांच्या कडांवर हे दोन दोष दरवर्षी नव्याने समोर येतात. दोन्ही ठिकाणी लोक पटकन एकच निष्कर्ष काढतात: खुंट मेला, नवी रोपं आणा. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. खुंट जिवंत असतो, फुटलेलाही असतो, पण फुटवे कुणीतरी खाल्लेले असतात किंवा वरच्या सावलीने मारलेले असतात. अशा जागी नवं रोप लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्याने फुटवे खाल्ले तो रोपही खाणार.

काही शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. कॉपिसिंग म्हणजे झाड जमिनीलगत तोडायचं आणि उरलेल्या खुंटातून येणारे धुमारे काही वर्षं वाढवून पुन्हा तोडायचे. हेझलचा फेरा साधारण ७ ते १० वर्षांचा, स्वीट चेस्टनटचा १२ ते २० वर्षांचा. एका हिवाळ्यात तोडलेल्या तुकड्याला इथे कूप म्हटलं आहे. वई आडवी घालणं म्हणजे कुंपणातल्या उभ्या सोटाला बुंध्याशी तिरपा काप द्यायचा, साल आणि थोडंसं ओलं लाकूड बिजागरीसारखं जोडलेलं ठेवायचं आणि सोट कलता करून खुंट्यांमध्ये अडकवायचा. सोट त्या पातळ बिजागरीवर जगतो आणि खालच्या खुंटातून नवे धुमारे येतात. पुढची पंधरा-वीस वर्षं वई टिकते ती या धुमाऱ्यांवर. आडवा सोट फक्त मधला काळ सांभाळतो.

लक्षणं

• जूनअखेरपर्यंत खुंटावर एकही धुमारा नाही, साल मात्र घट्ट आणि ओलसर.
• धुमारे आले होते, पण सगळे वीतभर उंचीवर तुटलेले. खुंट झुडपाच्या गोळ्यासारखा दिसतो.
• धुमारे भरपूर, पण बारीक, लांब, फिकट आणि एका बाजूला झुकलेले.
• धुमारे फक्त खुंटाच्या वरच्या कडेला. वाऱ्याने बुंध्यापासून सोलून निघतात.
• साल सुटलेली, खाली पांढरा थर किंवा काळे दोरे.
• खुंट जोमदार, पण दोन खुंटांत इतकं अंतर की मध्ये फक्त ब्रॅम्बलचं, म्हणजे काटेरी जंगली ब्लॅकबेरीचं, रान.
• वईत आडवे सोट पहिल्या उन्हाळ्यात पालवले आणि ऑगस्टपर्यंत वाळले.
• वई वरून दाट, खालून पोकळ.

एकाच कुपात यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसणं नेहमीचं आहे. म्हणून एक कारण सापडलं की तिथेच न थांबता पुढच्या दोन तपासण्या तरी करा.

पहिली तपासणी: वेळ आणि नख

याला काहीच खर्च नाही. हेझल आणि विलो लवकर फुटतात. ॲश आणि ओक उशिरा. जाड, जुन्या खुंटाला आणखी वेळ लागतो, कारण सालीखालच्या सुप्त डोळ्याला जाड साल फोडून बाहेर यावं लागतं. जून संपेपर्यंत कोणताही खुंट मेला असं ठरवू नका.

तोवर नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल खरवडून पाहा. खुंटाच्या कापाजवळ नाही, तर जमिनीलगत आणि चारही बाजूंनी. खाली हिरवट, ओलसर थर दिसला तर खुंट जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर ती बाजू गेली. एक बाजू मेली म्हणून सगळा खुंट मेला असं होत नाही. जुने हेझलचे खुंट म्हणजे अनेक तुकड्यांची वस्ती असते, अर्धा भाग कुजलेला असतानाही उरलेला जोमाने फुटतो.

याच वेळी तोडीची तारीख आठवा. झाड झोपेत असताना, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, तोडलं तर मुळांतला साठा शाबूत असतो आणि तोच धुमाऱ्यांना पोसतो. पानं फुटल्यावर एप्रिल-मेमध्ये तोडलं तर साठा पानांवर खर्च झालेला असतो, मग फूट दुबळी येते. उन्हाळा उतरताना तोडलं तर कोवळे धुमारे लाकडी होण्याआधीच थंडीत सापडतात. अशा खुंटाला पुढचा वसंत द्यावा, लगेच उपटू नये.

दुसरी तपासणी: गुडघ्यावर बसून दातांच्या खुणा पाहा

या तपासणीतच सर्वात जास्त प्रकरणं सुटतात. उभ्याने पाहिलं तर काही दिसत नाही. गुडघे टेकून, पानं बाजूला सारून, खुंटाच्या बुडाशी पाहावं लागतं. बोटभर उरलेली थुटं दिसली की खुंट फुटला होता हे नक्की. आता खाल्लं कुणी ते ठरवा, कारण उपाय त्यावरच अवलंबून आहे.

हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते डहाळी चावून ओढतं, त्यामुळे टोक फाटकं, धाग्याधाग्यांचं राहतं. सशाचा काप चाकूने तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ असतो आणि फार उंचीवर नसतो. बुडाशी साल बारीक कुरतडलेली असेल तर ते व्होल उंदीर. आठ-दहा वर्षांच्या सोटांची साल मे ते जुलैमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी सोललेली दिसली तर करड्या खारी. त्यांचा नव्या फुटव्याशी संबंध नाही, ती वेगळी समस्या आहे.

हरणांत सर्वात फसवा मुंटजॅक. आपल्या भेकराचाच हा चिनी भाऊबंद इंग्लंडमध्ये बाहेरून आणला गेला आणि पसरला. उंचीने लहान, वर्षभर विणारा, झुडपात लपणारा. त्यामुळे 'इथे हरणं नाहीत' असं लोक छातीठोकपणे सांगतात आणि कूप मात्र मुळापर्यंत खाल्लेलं असतं. पावलाचे लहान ठसे, झुडपातले बोगद्यासारखे रस्ते आणि लेंड्या पाहा. सोट उंच असेल तर तो वाकवून, मोडून शेंडा खाण्याची मुंटजॅकला सवय असते, म्हणून कमरेच्या उंचीवर मोडलेले बारीक सोट हीसुद्धा त्याचीच खूण.

खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. कुपातल्या तीन खुंटांभोवती जाळीची गोल कोंडाळी उभी करा, दीड मीटर उंच, खुंटापासून अर्धा मीटर लांब, दोन-तीन खुंट्यांना घट्ट बांधून. शेजारचे तीन खुंट उघडे ठेवा. सहा ते आठ आठवड्यांत आतल्या आणि बाहेरच्या खुंटांत फरक दिसला तर उत्तर मिळालं. दोन्ही सारखेच मरगळलेले असतील तर कारण खाणाऱ्या तोंडात नाही, पुढे शोधा. ही चाचणी आम्ही कुणालाही आधी करायला सांगतो, कारण सगळ्या कुपाला कुंपण घालण्याचा खर्च आणि कष्ट योग्य कारणासाठी होतात की नाही हे तिच्यावरून कळतं.

तिसरी तपासणी: खुंटावर काय पडलं आहे

तोडल्यावर फांदोरा कुठेतरी टाकावाच लागतो आणि घाईत तो खुंटावरच पडतो. हरणांपासून आडोसा म्हणून खुंटावर फांद्या रचण्याची पद्धतही आहे. विरळ, काटेरी, हवा खेळती राहील असा थर काही महिने उपयोगी पडतो. पण गच्च ढीग केला की खाली अंधार होतो. धुमारे पांढुरके, वाकडे येतात आणि ढिगातून बाहेर येताना मोडतात. ढीग मे आधी हलवा. उशिरा हलवला तर आत वाढलेले कोवळे धुमारे त्याच्याबरोबर उपटून येतात, आणि तोवर त्यात पक्ष्यांनी घरटं केलेलं असू शकतं. घरटं असेल तर हातच लावायचा नाही.

विकायला रचलेल्या सोटांची थप्पी, जाळलेल्या फांद्यांची राख आणि ट्रॅक्टरच्या चाकाचा माग, हे तिन्हीही पाहून घ्या. जाळ खुंटाजवळ केला असेल तर सालीखालचे डोळे भाजून गेलेले असतात आणि वरून खुंट अगदी धडधाकट दिसतो. चाकाने दाबलेल्या ओल्या मातीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही. तिथे फूट एका रेषेत कमी दिसेल, अगदी चाकाच्या रेषेत.

ब्रॅम्बल आणि गवत पहिल्या वर्षी खुंटाभोवती अर्धा मीटर कापून ठेवा. दुसऱ्या वर्षी हेझल स्वतःच त्यांच्या वर जातो.

चौथी तपासणी: काप

काप किती उंच आहे? नव्या, नियमित तोडल्या जाणाऱ्या हेझलला जमिनीपासून ५ ते ८ सेंमी पुरे. उंच कापला तर धुमारे वरच्या कडेला येतात, त्यांची जोड कमकुवत असते आणि वाऱ्यात सोलून निघतात. खालून आलेल्या धुमाऱ्याला पुढे स्वतःची मुळंही धरता येतात. मात्र जुन्या, गाठाळ खुंटाला हा नियम उलटा लावावा लागतो. तिथे मागच्या तोडीच्या पातळीच्या किंचित वर, तरुण लाकडात काप घ्यायचा. जुन्या लाकडाच्या गाठीत खोल करवत घातली तर ज्या सालीत डोळे असतात तीच निघून जाते.

काप स्वच्छ आहे का? कडेची साल लाकडापासून सुटून लोंबत असेल तर तिथला डोळा सुकतो. कोयता, म्हणजे तिथला बिलहूक, बोथट असेल किंवा वरून खाली मारला असेल तर खुंट चिरतो. बारीक सोटाला घाव खालून वर द्यावा, चीर सोटात जाते, खुंटात नाही. करवतीने कापताना सोट अर्ध्यावर आला की हाताने आधार द्या, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने पडताना सालीची पट्टी ओढून नेतो.

उताराबद्दल बरंच सांगितलं जातं: काप खुंटाच्या मध्यापासून बाहेर उतरता असावा, पाणी साचू नये. ते करावंच. पण आमच्या मते साल शाबूत राहण्याचं महत्त्व उतारापेक्षा बरंच जास्त आहे.

दुरुस्ती सोपी: पुढच्या हिवाळ्यात धारदार करवतीने उंच खुंट खाली घ्या, लोंबती साल निरोगी सालीपर्यंत छाटा. फुटवा आलेला असेल तर त्या वर्षी हात लावू नका.

पाचवी तपासणी: झाड कोणतं आणि किती जुनं

सगळी झाडं खुंटातून फुटत नाहीत. पाइन, स्प्रूस तोडलं की संपलं. शंकूधारींमध्ये यू हा अपवाद. बीच आणि बर्च दुबळे, तरुण असताना तोडले तरच काही आशा. हेझल, स्वीट चेस्टनट, ॲश, हॉर्नबीम, लाइम, फील्ड मेपल, विलो आणि अल्डर भरवशाचे. अॅस्पेन, जंगली चेरी आणि ब्लॅकथॉर्न यांची फूट खुंटापासून दोन-तीन मीटरवर, मुळांतून वर येते. 'खुंट मेला' म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांतले काही ब्लॅकथॉर्न शेजारच्या गवतात सुखाने वाढत असतात.

वय ही स्वतःहून अडचण नाही. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये कॉपिसिंगच्या नोंदी १२५२ पर्यंत मागे जातात आणि नियमित तोडीने खुंटाचं आयुष्य उलट वाढतं. अडचण येते ती फेरा मोडल्यावर. चाळीस-पन्नास वर्षं न तोडलेला हेझल मोठ्या झाडांच्या सावलीत अर्धमेला झालेला असतो. तो एकदम तोडला तर मुळांत उरलेला साठा फुटव्याला पुरत नाही. अशा जागी सगळं कूप एका हिवाळ्यात तोडू नका. आधी बुडाशी बारीक कोवळे धुमारे आपोआप येत आहेत का ते पाहा. ते असतील तर खुंटात दम आहे. मग चौथा हिस्सा तोडा, दोन उन्हाळे पाहा, आणि मगच पुढे जा.

सहावी तपासणी: वर पाहा

हरणांनंतरचं सर्वात मोठं कारण सावली. फिकट, लांबट, एकीकडे झुकलेले धुमारे हे तिचं बोलकं लक्षण. उजेडातला निरोगी हेझल पहिल्या उन्हाळ्यात मीटरभर किंवा अधिक वाढतो. तुमचा गुडघ्यापर्यंतच आला आणि खाल्ल्याची खूण नाही, तर वर पाहाच.

मोजण्याची पद्धत: जून-जुलैत, पानं पूर्ण असताना, कुपात सारख्या अंतरावर वीस जागा निवडा. प्रत्येक जागी उभं राहून सरळ डोक्यावर पाहा. डोक्यावर पानं असतील तर एक खूण. सहापेक्षा जास्त खुणा झाल्या म्हणजे वरचं छत्र सुमारे ३० टक्क्यांच्या पुढे गेलं, आणि हेझलला ते जड जातं. दुसरं माप कुपाच्या रुंदीचं: भोवतालच्या झाडांच्या उंचीच्या किमान दीडपट. भोवती वीस मीटर उंच झाडं असताना पंधरा मीटर रुंदीचं कूप तोडलं तर त्यात ऊन फार थोडा वेळ टेकतं. पाव हेक्टरपेक्षा लहान कूप दोन्ही बाजूंनी मार खातं. ऊन कमी, आणि हरणांना चारही कडांनी आडोसा.

उपाय म्हणजे वर राखलेली काही मोठी झाडं काढणं किंवा पुढचं कूप याला लागून घेणं. दुसरा उपाय जवळजवळ नेहमीच चांगला: दरवर्षी शेजारचा तुकडा तोडत गेलं तर उजेड सलग मिळतो आणि फुलपाखरांनाही एका कुपातून दुसऱ्यात जाता येतं. मोठी झाडं काढण्याआधी मात्र परवान्याचा विचार करा. इंग्लंडमध्ये कॉपिसचे सोट १.३ मीटर उंचीवर १५ सेंमी किंवा कमी जाडीचे असतील तर तोडीचा परवाना लागत नाही. एकट्या उभ्या झाडाला ही मर्यादा ८ सेंमी आहे. तिमाहीत ५ घनमीटरपर्यंतची तोड चालते, पण त्यातलं २ घनमीटरपेक्षा जास्त विकता येत नाही. झाडावर स्थानिक परिषदेचा संरक्षण आदेश असेल तर या सवलती धरून चालू नका, आधी परिषदेला विचारा. पन्नास वर्षं न तोडलेल्या चेस्टनटचे सोट १५ सेंमीच्या पुढे गेलेले असतात, तिथे 'हे कॉपिसच आहे' एवढं म्हणून भागत नाही.

सातवी तपासणी: कुंपण

जाळीच्या चाचणीत हरणं दोषी ठरली असतील तर आता खर्चाचं काम. तोडलेल्या फांद्यांचं वाळकं कुंपण कुपाच्या कडेने घालणं हा स्वस्त उपाय. दीड मीटर उंच, मीटरभर जाड आणि बुडाशी भोक न राहील असं घातलं तर पहिला उन्हाळा निभावतं. पुढे ते बसतं, कुजतं, आणि दुसऱ्या वर्षी वर भर घालावी लागते. हे न केल्यामुळे दुसऱ्या वर्षी सगळं खाल्लं जातं, हा दोष वारंवार दिसतो.

तारेची जाळी घालायची तर रो आणि मुंटजॅक या लहान हरणांसाठी किमान दीड मीटर, मोठ्या फॅलो हरणासाठी १.८ मीटर. मुंटजॅक असेल तिथे खालची जाळी ७५ मिमीपेक्षा मोठी नको आणि ती जमिनीला चिकटून हवी. तो उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतो. ससे असतील तर ३१ मिमीची जाळी ९० सेंमी उंच आणि तळाची १५ सेंमी पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडलेली. कुंपण बंद करण्याआधी आत हरीण राहिलं नाही ना, हे दोघांनी मिळून कूप चाळून पाहा. आत अडकलेलं एक हरीण सगळी मेहनत फुकट घालवतं. शेंडे हरणाच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत, साधारण दोन ते तीन उन्हाळे, कुंपण ठेवा.

आठवी तपासणी: खुंट मोजा

खुंट जोमदार आहेत, तरी कूप भरत नाही? मग खुंटच कमी आहेत. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखून मोजा. चांगल्या हेझल कुपात १५ ते २० खुंट मिळतात, म्हणजे हेक्टरी १५०० ते २०००. दहाच्या खाली असतील तर भर हवी. विरळ खुंटांचे सोट आडवे पसरतात, वाकडे होतात, आणि वईच्या खुंट्यांसाठी लागणारे सरळ सोट मिळत नाहीत.

भरीचा उत्तम उपाय दाब कलम. रोपापेक्षा तो जास्त भरवशाचा, कारण नव्या झाडाला पहिली दोन वर्षं जुन्या खुंटाची मुळं पोसतात. तोडीच्या वेळीच प्रत्येक मोकळ्या जागेकडे झुकलेला, दोन ते चार सेंमी जाडीचा एक लवचीक सोट राखून ठेवा. फेब्रुवारीत त्याला बुडाशी वईसारखा तिरपा काप देऊन खाली घ्या. जिथे तो जमिनीला टेकतो तिथे १० ते १५ सेंमी खोल चर काढा. टेकणाऱ्या भागाची खालची साल चाकूने बोटभर खरवडा, आकड्यासारख्या वाकड्या दोन खुंट्यांनी सोट चरात घट्ट दाबा, माती घालून पायाने चेपा, शेंडा वर उभा ठेवा. दाब सैल राहिला आणि सोट वाऱ्याने हलत राहिला तर मुळं धरत नाहीत. फसलेल्या दहा कलमांपैकी बहुतेक इथेच फसतात. दोन-तीन उन्हाळ्यांनी मूळ झाडापासून तोडा.

वई खालून उघडी असेल तर

वईलाही वरचे सगळे प्रश्न विचाराच: खाणारी तोंडं, सावली, गवत. मेंढ्यांसाठी तात्पुरतं कुंपण वईपासून किमान मीटरभर लांब हवं, गुरांसाठी दीड मीटर, कारण गाय मान लांबवून तारेपलीकडचं खाते. त्यानंतर ही तपासणी करा.

आधी बुंध्याची टाच. सोट आडवा केल्यावर खुंटाचा जो उंच, टोकदार भाग उरतो तो सोटाच्या विरुद्ध दिशेला उतरता छाटावाच लागतो. तो तसाच ठेवला तर वाळतो, त्यात पाणी मुरतं, आणि फूट खालून येण्याऐवजी टाचेच्या कडेला येते. वई खालून पोकळ राहण्याचं हे नेहमीचं आणि सहज टळणारं कारण आहे. हिवाळ्यात करवत घेऊन प्रत्येक टाच जमिनीलगत साफ करा. त्याच वर्षी फरक दिसतो.

मग बिजागरी. कापाची लांबी सोटाच्या जाडीच्या तीन ते चार पट असावी. तोकडा काप दिला की बिजागरी एका जागी मोडते. जाड ठेवली की सोट वाकताना लांब चिरतो. सहा-सात सेंमीच्या सोटाला सेंमीभर किंवा त्याहून पातळ जीभ पुरते. सोट पहिल्या उन्हाळ्यात पालवून ऑगस्टमध्ये वाळला, तर त्याने आपल्यातला साठा वापरला आणि बिजागरीतून पाणी चढलं नाही, असं समजा. तो सोट गेला, पण खुंट बहुधा शाबूत आहे. कडक हिमाच्या दिवशी लाकूड ठिसूळ असतं, त्या दिवशी हे काम करू नये. उतारावर सोट नेहमी चढाकडे घालावा.

तिसरं, छाटणी. यंत्राने दरवर्षी त्याच उंचीवर छाटलेली वई वर गाठींचा दाट थर धरते आणि त्याच थराच्या सावलीने खालचा भाग मरतो. दोन-तीन वर्षांतून एकदा छाटा, प्रत्येक वेळी दहा सेंमी वर, आणि आकार खाली रुंद, वर अरुंद.

सोट १५ सेंमीपेक्षा जाड झाले असतील किंवा दोन झाडांत मीटरहून जास्त अंतर असेल तर आडवी घालण्याचा हट्ट सोडा. सगळी वई जमिनीलगत कॉपिस करा आणि फटींमध्ये ४० ते ६० सेंमीची रोपं दुहेरी, आडव्यातिडव्या ओळीत, मीटरला चार ते सहा लावा. झाडाच्या सावलीतल्या फटीत होली हे सदाहरित काटेरी झाड लावा, हॉथॉर्न तिथे रडतो. एल्डर (वर आलेला अल्डर नव्हे) मात्र काढून टाका; तो जलद वाढून शेजाऱ्यांना मारतो आणि स्वतः पोकळ राहतो.

तारखा पाळा. इंग्लंडमध्ये २०२४ च्या नियमांनुसार शेतजमिनीवरच्या नियमात बसणाऱ्या वया १ मार्च ते ३१ ऑगस्ट कापायच्या नाहीत. आडवी घालणं आणि कॉपिसिंग यांना ३० एप्रिलपर्यंत मुभा आहे. पण वापरातलं घरटं असेल तर १९८१ चा वन्यजीव कायदा कोणत्याही तारखेला लागू होतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सालीखाली पांढरा, अळंबीच्या वासाचा थर आणि मुळांवर बुटाच्या नाडीसारखे काळे दोरे दिसले तर ती हनी फंगस ही मुळं कुजवणारी बुरशी. शेजारचे खुंट तोडण्याआधी वृक्षतज्ज्ञाला दाखवा. चेस्टनटच्या सालीवर नारिंगी ठिपके आणि वरची फांदी अचानक वाळलेली असेल तर तो चेस्टनट ब्लाइट असू शकतो; इंग्लंडमध्ये तो २०११ मध्ये सापडला आणि त्याची खबर देणं बंधनकारक आहे. लाकूड हलवू नका, फोटो काढून ट्रीअलर्ट या झाडांच्या रोगांची खबर घेणाऱ्या ऑनलाइन सेवेवर कळवा.

ॲशचा डायबॅक, म्हणजे शेंड्याकडून झाड वाळवणारा बुरशीचा रोग, ब्रिटनमध्ये २०१२ पासून नोंदलेला आहे. रोगट ॲशचं लाकूड इतकं ठिसूळ होतं की करवत लावताच वरची फांदी कोसळू शकते. असं झाड स्वतः तोडू नका, कितीही लहान दिसलं तरी.

हाताच्या करवतीने निघणारे, साधारण दहा सेंमीपर्यंतचे सरळ सोट स्वतः तोडायला हरकत नाही. झुकलेला, ताणलेला जाड सोट वेगळा. त्याच्या मागच्या बाजूने काप घेताना लाकूड उभं चिरत वर सरकतं आणि बुंधा तोंडाच्या उंचीवर उसळतो. ॲश आणि चेस्टनटमध्ये हे विशेष घडतं. अडकलेलं झाड, चेनसॉचं काम, रस्त्याकडेची वई, झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत विजेच्या तारा: ही सगळी प्रशिक्षित माणसाची कामं.

जमिनीवर पडलेल्या हेझलच्या फळाच्या कवचाला गुळगुळीत गोल भोक आणि कडेला दातांच्या तिरप्या खुणा दिसल्या तर जंगलात डॉरमाऊस, म्हणजे झाडांवर राहणारा उंदरासारखा छोटा प्राणी, आहे. हा संरक्षित प्राणी हिवाळ्यात जमिनीलगत, पानांत झोपतो, म्हणजे नेमका तिथे जिथे तुमचे पाय पडतात. काम थांबवून परिसंस्थातज्ज्ञाला बोलवा. जागा विशेष वैज्ञानिक महत्त्वाची म्हणून संरक्षित असेल तर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेची संमतीही आधी लागते.

तज्ज्ञाला बोलवताना हे हाताशी ठेवा: तोडीचा महिना, चौकोनातले खुंट, वीसपैकी किती जागी डोक्यावर पानं होती, जाळीतल्या आणि बाहेरच्या खुंटांचे एकाच दिवशी काढलेले फोटो, आणि चावलेल्या दोन-चार डहाळ्या कागदाच्या पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून टोकं कुजतात आणि दातांची खूण जाते.